शांतता नावाचे रुग्णालय

चीनमधील शिजियाझुआंग शहरातील एक मोठे लष्करी रुग्णालय ‘बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय’ या नावाने ओळखले जाते. लष्कराच्या रुग्णालयाला शांततेचे नाव असावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. त्याहून विशेष असे, की जानेवारी १९४१ मध्ये, जपानी आक्रमणाचा वणवा पेटलेला असताना, या रुग्णालयाची सूत्रे सोलापूरच्या एका तीस वर्षांच्या मराठी डॉक्टरकडे आली. त्यांचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस. युद्धभूमीवरील वैद्यकीय सेवेचा आणि शांततेचा परस्परसंबंध काय, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी वाचकाला त्यांच्या चरित्रापासूनच आरंभ करावा लागतो.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. तत्कालीन काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशवासीयांना आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकप्रमुख. स्पेनमधील यादवी युद्धात जखमींची सेवा केल्याचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य चौघे. सप्टेंबर १९३८ मध्ये पथकाने मुंबईचा किनारा सोडला. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला पाठवलेली ही मदत होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. चीनमध्ये या पाचही जणांच्या चिनी नावांना ‘हुआ’, म्हणजे ‘चीन’, हा प्रत्यय जोडला गेला. कोटणीस ‘के तिहुआ’ झाले.

१९३९ च्या प्रारंभी हे पथक यान्आनला पोहोचले. चीनमध्ये असतानाच कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. तरीही त्यांनी माघारी फिरण्याचे नाकारले. पुढे ते जपानी फौजांच्या पिछाडीस असलेल्या डोंगराळ सीमाभागात गेले. तेथे कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी फिरत्या शस्त्रक्रिया पथकांची पद्धत रुजवली होती. जखमी रुग्णालयापर्यंत येण्याची वाट न पाहता डॉक्टरानेच जखमीपर्यंत जावे, हे तिचे सूत्र. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथ्यून यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालकपद नंतर कोटणीस यांच्याकडे आले. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास झोपेविना शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत त्यांनी विद्यार्थ्यांना शल्यशास्त्र शिकवले आणि पाठ्यपुस्तकाचे लेखन हाती घेतले. १९४१ मध्ये शुश्रूषाशास्त्राच्या अध्यापिका को छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुत्राचे नाव ठेवले ‘यिनहुआ’: ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते आणि मूल काही महिन्यांचे होते. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. सोलापुरातील त्यांच्या जन्मघराचे आता स्मारक झाले आहे.

कोटणीस यांची सेवा तटस्थ होती काय? याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे. आक्रमण कोणी केले याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. ते एट्थ रूट आर्मीत दाखल झाले आणि १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले. वैद्यकीय मदतीची दुसरी परंपरा याहून निराळी आहे. जून १८५९ मधील सोल्फेरिनोच्या लढाईनंतर निराधार पडलेले हजारो जखमी हेन्री ड्युनांट या स्विस व्यापाऱ्याने पाहिले. त्या अस्वस्थतेतून रेडक्रॉसचा जन्म झाला आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी सैनिक कोणत्याही राष्ट्राचा असो, त्याच्यावर उपचार झालेच पाहिजेत, हा त्याचा गाभा. १९७१ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’, म्हणजे ‘सीमारहित डॉक्टर’, या संस्थेने आणखी एक पाऊल पुढे टाकले. उपचारांत पक्षपात करायचा नाही. परंतु डोळ्यांदेखत घडणाऱ्या अत्याचाराविषयी मौनही पाळायचे नाही, अशी तिची भूमिका आहे. १९९९ चे नोबेल शांतता पारितोषिक या संस्थेला मिळाले.

या तिन्ही मार्गांत मतभेद असले, तरी रुग्णाजवळ पोहोचल्यावर ते मिटतात. बेथ्यून यांची निष्ठा उघड होती; पण जखमी जपानी युद्धकैद्यांवरही त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. डॉक्टरने मनाने बाजू घ्यावी की न घ्यावी, यावर वाद होऊ शकतो. जखमीला बाजू नसते, यावर मात्र होऊ शकत नाही. हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे असे मानण्याचे कारण नाही. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातील कुंदूझ येथे याच संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने हल्ला केला. त्यात ४२ जणांचा बळी गेला. मे २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने रुग्णालये व वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी ठराव केला. त्यानंतरही रुग्णालयांवरील हल्ले थांबलेले नाहीत.

मराठी मनाला ‘शांती’ हा शब्द संतांमुळे परिचित आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांना आपण ‘शांतिब्रह्म’ म्हणतो. ही शांती म्हणजे केवळ मनाची निश्चलता, असा समज रूढ आहे. परंतु त्यांची सर्वांत लोकप्रिय आख्यायिका वेगळेच सांगते. रामेश्वरासाठी काशीहून आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. या कथेतली शांती कृतीतून प्रकट होते, आणि समोरचा जीव कोण आहे याची चौकशी ती करीत नाही.

पैठणहून खाली वाहणारी गोदावरी परभणी जिल्ह्यातून, जनाबाईंच्या गंगाखेडवरून, पुढे जाते. या जिल्ह्यालाही अशांततेचे घाव नवे नाहीत. २१ नोव्हेंबर २००३ रोजी परभणीतील मोहम्मदिया मशिदीत बॉम्बस्फोट होऊन अनेक जण जखमी झाले. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर शहरात हिंसाचार उसळला. अशा प्रसंगी शांतता समितीच्या बैठका होतात, आवाहने निघतात, आणि ती आवश्यकही असतात. मात्र जखमी होऊन पडलेल्या माणसासाठी त्या घटकेला शांततेचा अर्थ फार साधा असतो: आडनाव, धर्म वा वस्ती न विचारता त्याला कोणी उचलते की नाही, आणि रुग्णालयाचे दार उघडे आहे की नाही. हे दार उघडे ठेवण्याची जबाबदारी एकट्या डॉक्टरची नाही. जखमीला वाट करून देणारा, रक्तदानासाठी रांगेत उभा राहणारा आणि रुग्णवाहिकेवर दगड उचलणाऱ्याचा हात धरणारा सामान्य नागरिक हाही तिचा वाटेकरी आहे.