संशोधनाची साधने आणि त्यांची मुक्तता

धर्मापुरी (जि. बीड) येथील उत्तर चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराच्या शिल्पांविषयी कोणी काहीही लिहिले, तरी मंदिर जागेवर उभे आहे, शंका असेल त्यास तेथे जाऊन विधान पडताळता येते. जवळच्या अंबाजोगाईस यादव नृपती सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आहेत. त्यांच्या वाचनाविषयी मतभेद झाल्यास पुन्हा मूळ दगडाकडेच वळावे लागते. इतिहाससंशोधनाची विश्वसनीयता ह्या फेरतपासणीवर अधिष्ठित आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत ही सोय आपोआप लाभणारी नव्हती. खासगी दप्तरांतील कागद सर्वांपुढे ठेवण्याचे कार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या २२ खंडांच्या मालेने केले. त्यांच्या प्रस्तावनांतील अनेक मते पुढे वादग्रस्त ठरली. परंतु मूळ कागद छापलेले असल्यामुळेच तो वाद साधार होऊ शकला. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) ह्या ग्रंथामागेही हीच दृष्टी आहे.

संगणक आल्यावर साधन आणि निष्कर्ष यांच्यामध्ये तिसरी वस्तू उभी राहिली, ती आज्ञावली. शब्दांची वारंवारता मोजणे, अक्षरे ओळखणे, पाठभेद जुळविणे ही कामे ती करते. ती गुप्त राहिली, तर निष्कर्षाचा अर्धा पुरावा गुप्त राहतो. ह्याचा कडू अनुभव मराठीस आलेला आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या व्यवसायसंस्थांचे टंक आपापल्या खासगी संकेतांवर चालत. एका टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्या टंकात निरर्थक चिन्हांची रांग होई. मजकूर शाबूत असूनही वाचण्याची किल्ली परक्याच्या हाती होती. १९९१ चे भारतीय मानक 'इस्की' आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले युनिकोड हे जाहीर संकेत होते, म्हणूनच त्यांच्या आधारे कोणासही नवे साधन घडविता आले.

ह्याच्या उलट 'टेसरॅक्ट' ह्या अक्षरओळख-आज्ञावलीचा इतिहास आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ ह्या काळात ती विकसित झाली व नंतर जवळजवळ दशकभर पडून राहिली. २००५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली खुली झाली; आणि मूळ कर्त्यांचा मराठीशी संबंध नसताही कालांतराने मराठीसह शंभराहून अधिक भाषांसाठी ती उपयोगी पडली.

श्रमांचे मोल कर्त्यास मिळावे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि ते मोल नामनिर्देशाने व उद्धरणाने देता येते, लपवणुकीने नव्हे. मात्र आज्ञावली नुसती उघडी टाकणे म्हणजे मुक्तता नव्हे. परवाना स्पष्ट हवा, वापरलेली आवृत्ती नोंदलेली हवी आणि वापराची रीत अशी लिहिलेली हवी की, अपरिचित अभ्यासकासही तोच प्रयोग पुन्हा करता यावा. राजवाड्यांनी कागदास जे स्थान दिले, तेच आज आज्ञावलीस देणे प्राप्त आहे.