बिख, विख आणि इख

सुरतेच्या गोडादऱ्यातून चारधामला गेलेल्या शेजारच्या काकू परत आल्या, त्या प्रसादाच्या पुडीबरोबर एक शब्दही घेऊन. केदारनाथच्या चढावर त्यांचं डोकं ठणकायला लागलं, पोटात ढवळलं, चार पावलांत दम लागला. खेचरवाला म्हातारा म्हणाला, ‘माताजी, बिख लगा है.’ काकू घाबरल्या. घरी आल्यावर पहिलं काय विचारलं, तर ‘भाऊ, बिख म्हणजे आपलं इखच ना रे? मला कुणी काही खायला तर घातलं नसेल?’

कुणी काही घातलं नव्हतं. पण शब्द त्यांनी अचूक ओळखला होता. हिमालयातलं बिख, जुन्या मराठीतलं विख, खेड्यातलं इख आणि आमच्या सुरती शेजाऱ्यांचं वख, ही सगळी संस्कृत ‘विष’ची लेकरं.

विरळ हवेच्या त्रासाला विष म्हणायची रीत जुनी आहे. 1815 साली जेम्स बेली फ्रेझर हा स्कॉटिश चित्रकार-प्रवासी यमुनोत्रीहून डोंगर ओलांडून गंगोत्रीकडे निघाला. वाटेत त्याचे हमाल धापा टाकत बसले आणि म्हणाले, हा वाऱ्यातला ‘बिस’ आहे, फुलांच्या वासातून येतो. फुलांच्या? इथे माझे कान टवकारले. कारण हिमालयात ‘बिख’ हे एका झाडाचंही नाव आहे, आणि त्याचं वाळलेलं मूळ इथल्या जडीबुटीच्या दुकानात बरणीत मिळतं. बरणीवर गुजरातीत लिहिलेलं असतं, वछनाग. आपला बचनाग. (दुधियो वछनाग मात्र वेगळा, ती आपली कळलावी.)

माझा तर्क असा. बचनागाच्या जाती हिमालयात वाढतात त्या बऱ्याचदा माणसाचा श्वास जिथे आखडायला लागतो त्याच उंचीवर. त्याच्या विषानेही मळमळतं, छाती धडधडते, अंगातलं त्राण जातं. मेंढपाळाने दोन्ही एकाच कुरणात पाहिलं आणि दोन्हींना एकच नाव दिलं.

या तर्काला तिबेटी भाषा आडवी येते. तिकडे या त्रासाला ‘ला-दुग’ म्हणतात. ला म्हणजे खिंड, दुग म्हणजे विष. तिथल्या कित्येक उंच खिंडींत फूल सोडा, गवताची काडीही नसते. मग विष कशाचं? मला वाटतं, तिबेटी माणसाने खिंडीला दोष दिला, गढवाली माणसाने झाडाला. दिसत नाही आणि अंगात भिनतं त्याला विष म्हणायचं, हे दोघांनाही आपापलं सुचलं असणार.

आता आपल्या विखाकडे. मराठी सहसा ‘ष’चा ‘स’ करते. मानुषचा माणूस होतो, वर्षाचं वरीस. मग विषाचं विख कसं झालं? ‘ष’चा ‘ख’ करण्याची खोड उत्तरेची, वर्षाची बरखा करणारी. मला आधी वाटलं, हिमालयातून माल आला त्याबरोबर नावही आलं. बचनागाच्या बाबतीत हे पटतं. मूळ शब्द वत्सनाभ, म्हणजे वासराची बेंबी, कारण मुळाचा आकार तसा. गुजरातीने त्यातला ‘व’ राखला. मराठीतला ‘ब’ हिंदीच्या बछनागाचा दिसतो. ‘नाभ’ जाऊन ‘नाग’ आला तो विषाच्या धास्तीने असावा.

पण विखाला हा हिशेब लागू होत नाही. त्याचा ‘व’ शाबूत आहे. शिवाय आषाढाचा आखाड आणि औषधाचं वोखद हेही त्याच चालीचे, आणि महिन्याचं नाव काही कुणी गोणीत भरून आणत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, माध्यंदिन शाखेचे यजुर्वेदी ‘ष’चा उच्चार ‘ख’ करतात आणि ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तेव्हा हा ‘ख’ पाठांतरातून आला. मी इथे हार मानतो. बचनाग बाजारातून आला, विख बहुधा पाठशाळेतून.

गंमत अशी की विख आणि वोखद, दोन्हींत तोच ‘ख’. बचनागही तसाच. शुद्ध करून त्रिभुवनकीर्तीत पडला की ताप उतरवतो, कच्चा पोटात गेला तर हृदय बंद पाडतो. आणि डोंगरावर लागणाऱ्या बिखाची खरी गोष्टही हीच निघाली.

1878 मध्ये पॅरिसच्या पॉल बेरने दाखवून दिलं की दोष विषाचा नसून ऑक्सिजनच्या कमी दाबाचा. केदारनाथला, 3,583 मीटरवर, हवेचा दाब सुरतेच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. 1890 मध्ये फ्रान्स्वा व्हियोने पेरूतल्या उंचावरच्या मोरोकोचाला स्वतःच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोजल्या. एका घन मिलिमीटरमागे सुमारे 50 लाखांवरून त्या तीन आठवड्यांत 70 लाखांच्या पुढे गेल्या. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन सोडतं आणि अस्थिमज्जा पेशी बनवायला लागते. हे शरीराचं वोखद.

पण तेही बेतानेच. पेरूच्याच कार्लोस मोंगे यांनी 1925 मध्ये असा रुग्ण नोंदवला, ज्याचं रक्त पेशी वाढून वाढून घट्ट झालं होतं. वोखदाचं विख झालं ते असं. तिबेटी माणसाचं रक्त मात्र 4,000 मीटरवरही फारसं घट्ट होत नाही. त्याच्या ‘ईपास1’ या जनुकाचा वेगळा प्रकार 2010 मध्ये सापडला, आणि तो डेनिसोव्हन या नामशेष मानवाकडून आल्याचं 2014 मध्ये कळलं. खिंडीला विषारी म्हणणाऱ्यांच्याच रक्तात त्या विषावर उतारा होता.

आपल्या तापीकाठच्या रक्तात तो नाही. त्याला नव्या पेशी करायला आठवडे लागतात, आणि यात्रा दोन-तीन दिवसांत वर नेते. म्हणून निघण्याआधी वाटेत एक मुक्काम वाढवून घ्या. 3,000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नका. डोकं ठणकलं तर तिथेच थांबा, आणि दम बसल्याजागीही लागायला लागला तर देव वर असला तरी खाली उतरा.