वृत्तपत्रीय मराठीतील ‘निर्वासित’ : उल्हासनगर परिसराच्या आधारे एक विचार

जुन्या वृत्तपत्रांच्या फायली चाळणाऱ्या अभ्यासकास अपरिचित शब्दांपेक्षा परिचित शब्दच अधिक फसवितात. अपरिचित शब्दापाशी तो थांबतो व कोश उघडतो. परिचित शब्दास मात्र आजचा अर्थ लावून पुढे जातो. ‘निर्वासित’ हा असाच एक शब्द होय. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या लगतच्या तीन गावांच्या संदर्भात त्याची वाटचाल पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘निर्वासित’ हे संस्कृतातील कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित असून त्याचा अर्थ ‘घालवून दिलेला’ असा आहे. हिंदीतील ‘शरणार्थी’ म्हणजे आश्रय मागणारा. पहिल्या शब्दात झालेला अन्याय सूचित होतो, दुसऱ्यात याचना. फाळणीनंतर आलेल्या लोकांपैकी अनेकांनी ‘आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी’ असे म्हटले, ते याचमुळे. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्यांच्या साहाय्यार्थ निघालेल्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ हे शब्द होते; मराठी वृत्तपत्रांत तेच लोक ‘निर्वासित’ होते.

आता स्थळाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तेथील बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली व ‘उल्हासनगर’ हे नाव रूढ झाले. त्यापूर्वीच्या अंकांत या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. त्याने ‘कल्याण कॅम्प’ शोधावयास हवा. पण ‘कॅम्प’चा अर्थही स्थिर नाही. १९४४ मध्ये तो सैनिकांचा तळ होता, १९४८ मध्ये निर्वासितांची वसाहत झाला. आज ‘कॅम्प नंबर तीन’ हा केवळ पत्ता आहे. शिवाय १९६२ साली शासनाने नवे लेखननियम स्वीकारण्यापूर्वी ‘निर्वासितांचें’ असे सानुस्वार लेखन प्रचलित होते, हेही शोध घेताना ध्यानात असावे.

येथे केवळ शब्दार्थाचा प्रश्न नाही. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्या व येथे वास्तव्य करणाऱ्या पात्र व्यक्तींना संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिक मानले. १९६० मध्ये उल्हासनगरास नगरपालिका व १९९६ मध्ये महानगरपालिका मिळाली. विस्थापितांच्या भरपाईचा १९५४ चा कायदाही २००५ साली रद्द झाला. कायद्याने हे प्रकरण मिटविले. शब्दाने मिटविले नाही. ‘निर्वासितांचे शहर’ ही ओळख पुढेही टिकली. उल्हासनगरात जन्मलेल्या नातवाला कोणी कोठून घालवून दिलेले नाही. तरी आजोबांचे विशेषण त्याच्याकडे वारशाने येते. घालविले कोणी हे या शब्दात सांगितलेले नाही, आणि ही अवस्था संपते केव्हा याचीही खूण त्यात नाही.

शेजारच्या गावांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. अंबरनाथ हे १०६० सालच्या शिवमंदिराचे गाव. पुढे आगपेट्यांचा कारखाना व आयुधनिर्माणी यांमुळे तेथे दूरदूरची माणसे आली. ती ‘कामगार’ म्हणून ओळखली गेली. त्यांचे नाव त्यांच्या कामावरून पडले. बदलापूरजवळ १९७२ साली झालेल्या बारवी धरणामुळे, व पुढे त्याची उंची वाढविल्यामुळे ज्यांना घरे-शेते सोडावी लागली, त्यांना बातम्यांत ‘धरणग्रस्त’ अथवा ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतात. घर त्यांचेही गेले. परंतु या शब्दांत कारण नोंदलेले आहे. म्हणूनच भरपाई व नोकरी कोणाकडे मागावयाची हे त्यांना सांगता येते. ‘निर्वासित’ शब्दात असा प्रतिपक्षच नाही.

सारांश, एखाद्या बातमीत हा शब्द आढळला की अभ्यासकाने तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : तारीख कोणती, शब्द वार्ताहराचा की ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याचा, आणि ती व्यक्ती स्वतः स्थलांतरित की पुढील पिढीतील. एवढे न केल्यास आपण इतिहास लिहीत असता, ज्यांना एकदा घालवून दिले त्यांना कागदावर पुन्हा एकदा घालवून देऊ.