५३७ मतांचा निवाडा

७ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत मतदान झाले. अध्यक्ष कोण, हे ठरायला मात्र पाच आठवडे लागले. देशभरात अल गोर यांना सुमारे पाच लाख मते अधिक होती. पण फ्लोरिडात जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले. तेथील फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबरला पाच विरुद्ध चार मतांनी कायमची थांबवली. कारण दिले समान संरक्षणाचे. आणि लगोलग बजावले, की हा विचार प्रस्तुत प्रकरणापुरताच. जे एकदाच वापरायचे, त्याला तत्त्व म्हणावे काय?

गोर यांनी दुसऱ्याच दिवशी असहमती नोंदवून निर्णय स्वीकारला. २००१ च्या जानेवारीतील सत्तांतर सुरळीत झाले, ते निकालपत्राच्या युक्तिवादापेक्षा पराभूताच्या संयमामुळे.