मेपलच्या पाकातील गाळाची कुळकथा

कॅनडाचा पूर्व भाग आणि अमेरिकेतील व्हरमॉंट, न्यू यॉर्क, मेन ही राज्ये येथील जंगलांत वाढणाऱ्या शुगर मेपल या वृक्षाच्या खोडातून, रात्री पाणी गोठवणारी थंडी आणि दिवसा बर्फ वितळवणारे ऊन असे दिवस सुरू झाले की जो रस पाझरतो, त्यात साखर असते ती जेमतेम २ टक्के, आणि दिसायला तो पाण्यासारखा नितळ असतो. हाच रस आटवून साखरेचे प्रमाण ६६ ते ६७ टक्क्यांवर नेले, म्हणजेच सुमारे ४० लिटर रसाचा १ लिटर पाक केला, की मात्र तो पुष्कळदा गढूळ होतो आणि बाटलीत भरून ठेवल्यास तळाशी थर धरतो. या थराला तेथील उत्पादक ‘शुगर सँड’ किंवा ‘नायटर’ म्हणतात. नायटर हे सोऱ्याचे जुने नाव असले तरी या गाळाचा सोऱ्याशी संबंध नाही. तो मुख्यतः कॅल्शियम मॅलेट या क्षाराचा, म्हणजे सफरचंदाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल आणि झाडाने मुळांवाटे जमिनीतून उचललेले कॅल्शियम यांच्या संयोगाने बनणाऱ्या पदार्थाचा असतो, आणि त्यात थोडी साखर, सिलिका व इतर खनिजेही अडकलेली असतात. रसातले पाणी वाफ होऊन निघून जाते, पण क्षार मागेच राहतात. पाक जसजसा दाटतो आणि तापतो तसतसे ते त्यात विरघळलेले राहू शकत नाहीत आणि बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडू लागतात. हे कण कधी पांढुरके आणि रवाळ असतात, तर कधी काळपट व तेलकट. झाड, जमीन, वर्ष आणि हंगामाचा टप्पा यांनुसार त्यांचे प्रमाणही बदलते.

गाळ अशा रीतीने झाडाच्या रसातच मूळ धरून असला, तरी त्याला ‘दोष’ मानण्याची रीत फार जुनी नाही, आणि याचे कारण मेपलच्या इतिहासातच सापडते. अनिशिनाबे, हौडेनोसौनी, अबेनाकी इत्यादी आदिवासी समाज, ज्यांच्याकडून युरोपीय वसाहतवाले ही विद्या शिकले, ते रसापासून मुख्यतः साखर करीत. ती बर्च वृक्षाच्या सालीच्या पेट्यांत भरून वर्षभर पुरवीत. वसाहतवाल्यांनीही पुढे दीर्घकाळ तेच केले. १८६०च्या अमेरिकी खानेसुमारीत मेपल साखरेचे उत्पादन सुमारे ४ कोटी पौंड नोंदले गेले, तर पाकाचे १६ लाख गॅलनच्या आसपास. साखरेच्या ढेपेत किंवा वड्यांत गाळाचे कण असले तर त्या किंचित कचकचीत लागत, पण ढेप मुळातच अपारदर्शक असल्याने डोळ्यांना त्यात काही खुपत नसे.

तरीही शुद्धीकरणाचे उपाय तेव्हाही होते. फिलाडेल्फियाचे डॉक्टर आणि अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे बेंजामिन रश यांनी १७९१ मध्ये थॉमस जेफरसन यांना लिहिलेल्या पत्ररूप निबंधात, गुलामांच्या श्रमावर उभ्या असलेल्या उसाच्या साखरेला मेपल साखर हा पर्याय ठरेल या तळमळीने, ती करण्याची कृती बारकाईने नोंदली आहे: १५ गॅलन रसाला एक चमचा विझवलेला चुना, एका अंड्याचा पांढरा बलक आणि एक पाइंट ताजे दूध हे नेहमीचे प्रमाण होते. अंड्यातील आणि दुधातील प्रथिने तापताच गोठतात, रसातील तरंगता कचरा आपल्यात गुरफटून घेतात आणि मळी होऊन वर येतात. ती झाऱ्याने काढून टाकायची. कोल्हापूरच्या गुऱ्हाळांवर काहिलीतल्या उसाच्या रसात भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत अर्क आणि चुना घालून मळी वर आणतात, त्यामागचे तत्त्व याच जातीचे आहे. परंतु दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. उसाच्या रसातला कचरा चरकातून रसाबरोबरच येतो, त्यामुळे आटवणीच्या आरंभीच तो वर आणता येतो. मेपलमधील गाळ मात्र आरंभी अस्तित्वातच नसतो, तो पाक तयार होत आला की शेवटच्या टप्प्यात जन्माला येतो. म्हणूनच मळी काढण्याने या पाकाचे काम कधीच पुरे होऊ शकले नाही, आणि शेवटी गाळण्याच्या तंत्रालाच शरण जावे लागले.

हे शरण जाणे घडले ते साखरेच्या बाजारभावामुळे. १८९० च्या मॅककिन्ली कायद्याने अमेरिकेत कच्च्या साखरेवरील आयातशुल्क उठवले, उसाची साखर स्वस्त झाली आणि गोडव्यासाठी मेपल साखर वापरण्याचे प्रयोजन उरले नाही. उत्पादकांनी आपला माल पाकाच्या रूपात, चवीची खास वस्तू म्हणून विकायला घेतला, आणि काचेच्या बाटलीत भरलेला पाक उजेडाकडे धरून पाहणारा गिऱ्हाईक जन्माला आला. गढूळपणाचा दोष म्हणून जन्म खरा येथे झाला, असेच म्हटले पाहिजे.

याच काळात या गाळाला रसायनशास्त्रज्ञांच्या दप्तरी मात्र मानाचे स्थान मिळाले, आणि या कुळकथेतील हा भाग सर्वांत लक्षणीय आहे. स्वस्त साखरेच्या पाकात थोडा मेपल पाक मिसळून तो ‘शुद्ध मेपल’ म्हणून विकण्याचा धंदा तेव्हा बोकाळला होता. साध्या साखरेच्या पाकात मॅलेट नसतात, मेपलमध्ये असतात. यावरून कनेक्टिकटमधील रसायनज्ञ अँड्र्यू विंटन यांनी शिसाच्या क्षाराच्या द्रावणाने पाकातून किती साका खाली बसतो हे मोजणारी कसोटी बसवली, जी ‘विंटन लेड नंबर’ म्हणून प्रयोगशाळांत वापरली गेली. साका कमी तर भेसळ, भरपूर तर माल अस्सल. गिऱ्हाइकाने ज्याला नाक मुरडले, त्याच द्रव्याने अशा रीतीने पाकाच्या अस्सलपणाची ग्वाही दिली. १९४० च्या अमेरिकी प्रतवारी मानकांनी पुढे गढूळपणालाही मोजपट्टी दिली आणि त्याच्या ‘क्लाउडी’ १, २ व ३ अशा पायऱ्या ठरवून नमुना त्यांच्याशी ताडून पाहण्याची सोय केली.

गाळण्याचे साधन म्हणून प्रथम रुळली ती लोकरीच्या जाड नमद्याची, म्हणजे न विणता दाबून केलेल्या लोकरी कापडाची, शंकूच्या आकाराची पिशवी. ती उंच भांड्याच्या तोंडाशी टांगून तीत उकळता पाक ओततात. पाक नमद्यातून संथपणे झिरपतो आणि टोकाशी ओल्या मातीसारखा चिखल साठत जातो. चिखलाने नमदा चोंदू नये म्हणून आत पातळ कापडाचे किंवा कागदाचे अस्तर घालतात आणि ते भरले की उचलून घेतात. पाक थंड झाला तर दाटपणामुळे तो खाली उतरत नाही, आणि घाई करून पिशवी पिळली तर बारीक कण नमद्यातून पलीकडे जातात. घरगुती पाक गढूळ राहण्याचे एक कारण पुष्कळदा ही पिळणीच असते. पिशवी साबणाने न धुता केवळ गरम पाण्यात खळबळण्याचा नियमही असाच अनुभवातून आला, कारण लोकर वास धरून ठेवते आणि पुढच्या पाकाला तो देते. मोठ्या उत्पादकांकडे आता फिल्टर प्रेस असतात. त्यात डायटम या सूक्ष्म शैवालाच्या सिलिकायुक्त कवचांची भुकटी गरम पाकात मिसळून तो दाबाखाली पडद्यांतून लोटतात, आणि पडद्यावर जमणारा त्या भुकटीचा थरच खरी गाळणी ठरतो.

घरच्या चुलीवर केलेल्या पाकाचा गढूळपणा कोठून आला हे ओळखायचे, तर त्याचे वागणे पाहावे लागते. बाटली हलवली नाही आणि काही दिवसांत वरचा पाक निवळून तळाशी थर बसला, तर तो कॅल्शियम मॅलेटचा गाळ होय; त्याने अपाय होत नाही, वरचा पाक हलक्या हाताने ओतून घेतला की काम भागते. तळाशी कठीण, चकचकीत खडे दिसले तर पाक प्रमाणाबाहेर आटला आहे आणि साखरेने स्फटिक धरले आहेत. धुके खाली बसतच नसेल, बुडबुडे येत असतील आणि वास आंबूस असेल, तर पाक अपुरा आटल्याने किंवा रस दिवसचे दिवस साचवून ठेवल्याने यीस्ट व जंतूंनी त्याचा ताबा घेतला आहे. तो टाकून देणेच योग्य. याखेरीज एक चूक गाळून झाल्यावर घडते. निर्जंतुक राहावा म्हणून पाक सुमारे ८२ ते ८५ अंश सेल्सिअसला बाटलीत भरणे आवश्यक असते, परंतु भरण्यापूर्वी पुन्हा तापवताना तो सुमारे ८८ अंशांच्या वर गेला, तर विरघळून राहिलेले मॅलेट नव्याने बाहेर पडतात आणि नितळ गाळलेला पाक पुन्हा गढूळ होतो. तेव्हा तो नमद्यातून दुसऱ्यांदा गाळण्यावाचून गत्यंतर राहत नाही.