घोटाघोटाने

वजन उतरवण्यासाठी जी 'स्लीव्ह' नावाची शस्त्रक्रिया करतात तिच्यात जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि उरलेल्याची अरुंद नळी ठेवतात. माझी ती संभाजीनगरला झाली. आमच्या गावी, मानवतला, अशी बातमी कापसाच्या भावाइतक्याच वेगाने फिरते, आणि ऐकणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "मग सर, आता खाता काय?" वजन किती उतरलं, दुखलं का, खर्च किती आला, हे सगळं नंतर. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला जरा लांबून द्यावंसं वाटतं. माझ्या हातात जो पथ्याचा कागद पडला तो कुणा एका डॉक्टरने बसून लिहिलेला नाही. त्यामागे बरीच माणसं आहेत, आणि त्यातली काही फार उपाशी होती.

कागदात होतं ते असं. सुरुवातीला नुसतं गाळलेलं पातळ: पाणी, मुगाचं पाणी, शहाळं, पातळ ताक, तेही औषधाच्या मापाने 30 मिलिलिटर, घोट घोट. मग दूध, सूप, प्रोटीनची पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीडेक महिन्यानंतर हळूहळू नेहमीचं अन्न, पण अर्धी वाटी. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं. घास चावून चावून त्याचा लगदा करायचा. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी अर्धा तास नाही, नंतरही अर्धा तास नाही. सोडा बंद, स्ट्रॉ बंद. बी-12, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या मात्र कायमच्या.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा माय पाय पसरून शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "हे तर मुदतीच्या तापाचं पथ्य हाय. याचे एवढे पैसे घेतले का त्यांनी?"

मायचं चुकलं नव्हतं. टायफॉईडवर हमखास लागू पडणारं औषध मिळायला लागेपर्यंत आमच्याकडे आजारी माणूस असाच वर आणला जायचा. आधी लंघन, मग मुगाचं पाणी, मग पेज, मग गुरगुट्या भात, आणि बऱ्याच दिवसांनी दुधात कुस्करलेली भाकरी. त्याच्याही मागे जायचं तर चरकसंहितेत वमन-विरेचन झालेल्या माणसाला अन्नावर परत आणायचा क्रम दिलेला आहे. आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग डाळीचं कढण, शेवटी मांसरस. शुद्धी जोरकस झाली असेल तर प्रत्येक पायरीवर तीन-तीन वेळची जेवणं. वैद्य त्याला संसर्जन क्रम म्हणतात. त्याच चरकाने अतिस्थूल माणसाला निंदित आठांत घातलं आहे, आणि लठ्ठ व कृश यांत कृश बरा असाही निवाडा दिला आहे. तो वाचताना मला वैयक्तिक राग आला होता. पण लठ्ठाला काय द्यावं याच्या यादीत त्याने मूग, कुळीथ, ताकाचं अरिष्ट घातलंय, ते पाहून राग थोडा निवळला. ताक तर माझ्याही कागदात होतं.

आता व्हिएन्नाला जाऊ. 29 जानेवारी 1881 रोजी तिथे थिओडोर बिलरोथ या सर्जनने थेरेसा हेलर नावाच्या बाईच्या जठराचा कर्करोग झालेला भाग काढला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. यानंतर रोगी जगला असं हे पहिलंच उदाहरण. त्याआधी दोघांनी प्रयत्न केले होते, त्यांचे रोगी वाचले नाहीत. काही दिवसांतच बिलरोथने या शस्त्रक्रियेबद्दल एक पत्र छापायला दिलं. त्यात टाके, वेळ, भूल यांबरोबर बाईला खायला काय दिलं तेही आहे: पहिले 24 तास तोंडात नुसता बर्फ, आणि दुसऱ्या दिवसापासून एक एक चमचा आंबट दूध, आधी दर तासाला, मग दर अर्ध्या तासाला. हे वाचून मी थांबलो. माझ्या उशाशी ठेवलेला तो मापाचा प्लास्टिकचा पेला आणि ते पातळ ताक, दोघांचाही पणजोबा इथे सापडला होता. हेलरबाईचा रोग पुढे पसरला आणि ती चारेक महिन्यांत गेली, पण तिच्या पोटाने ते चमचे धरून ठेवले. 1897 साली झुरिकला श्लाटरने तर एका बाईचं संपूर्ण जठर काढलं आणि ती जेवून-खाऊन जगली. जठराशिवाय माणूस राहू शकतो हे तेव्हा कळलं. कसं राहायचं हे कळायला मात्र पुढची पन्नास वर्षं गेली.

ते शिकवलं अल्सरच्या रोग्यांनी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्सरसाठी जठर कापणं ही नित्याची गोष्ट झाली होती. ही माणसं घरी जाऊन पहिल्यासारखी जेवली की त्यांना घाम फुटायचा, छाती धडधडायची, पोटात कळ यायची, आडवं पडावं लागायचं. गोड खाल्लं की जास्तच. अन्न जठरात न थांबता थेट आतड्यात कोसळतं म्हणून हे होतं, आणि 1922 मध्ये मिक्स नावाच्या डॉक्टरने त्याला 'डंपिंग' म्हटलं. मग उपाय निघाले: थोडं थोडं पाच-सहा वेळा खा, साखर टाळा, जेवण आणि पाणी वेगवेगळं ठेवा. माझ्या कागदातला अर्ध्या तासाचा नियम त्या रोग्यांकडून आलेला आहे. त्यांची नावं कुठे नाहीत.

त्यांच्यात आणखी एक गोष्ट दिसली. त्यांचं वजन उतरायचं आणि परत चढायचं नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या सर्जनच्या हे मनात राहिलं आणि 1966 साली त्याने चिकाशी इटो याच्या साथीने लठ्ठपणासाठीच म्हणून जठराचा बायपास केला. त्याआधी मिनेसोटा विद्यापीठात आतड्याचा मोठा भाग वगळून जोडणी करायचा प्रयोग झाला होता, 1954 मध्ये तो प्रसिद्धही झाला. पण त्याने लोकांची यकृतं बिघडली, आणि ती वाट सोडावी लागली. सुरुवातीला ज्यांना उपाशी म्हटलं त्यांतले काही इथलेच: याच विद्यापीठात दहा वर्षं आधी अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने अर्धपोटी ठेवून उपासमार माणसाचं काय करते ते मोजलं होतं. स्लीव्ह त्या मानाने कालची. मोठ्या शस्त्रक्रियेचा तो पहिला टप्पा असायचा. 2000 च्या सुमारास लक्षात आलं की कित्येकांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडत नाही.

आमच्या भागात हे सगळं घरोघर पोचलं ते नितीन गडकरींमुळे. 2011 साली त्यांनी मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती लपवली नाही. 2017 मध्ये इजिप्तहून इमान अहमद या अतिलठ्ठ बाईला वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी मालवाहू विमानाने मुंबईला आणलं तेव्हा तर चावडीवरसुद्धा बॅरिॲट्रिक हा शब्द ऐकला.

आता पाण्याचं सांगतो, कारण खाण्यापेक्षा पिणं जास्त जड गेलं. मे महिन्यात मानवतचं ऊन सोसून घरी आलेला माणूस माठातून तांब्या भरतो, मान मागे टाकतो आणि वरून धार धरून अर्धा तांब्या रिचवतो. मीही पन्नास वर्षं तेच केलं. वरून पिताना पाण्याबरोबर हवाही गिळली जाते. नळीएवढ्या जठराला ते चालत नाही. छातीच्या मधोमध अशी काही कळ येते की डोळ्यांत पाणी उभं राहतं. म्हणून भांडं ओठाला लावून, घोटभर, थांबून, पुन्हा घोटभर. दिवसाचं दीड-दोन लिटर असंच भरायचं, म्हणजे दिवसभर पीतच राहायचं. अष्टांगहृदयात वाग्भटाने लिहिलं आहे की जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा सम राहतो आणि शेवटी पिणारा स्थूल होतो. पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला, एक वाऱ्याला मोकळा ठेवावा, हेही त्याचंच. माझ्या कागदाने आधीचं, मधलं आणि शेवटचं, तिन्ही वेळचं पाणी काढून घेतलं.

पण वरून पिण्यामागे नुसती तहान नाही. भांड्याला ओठ लागला की ते उष्टं, आणि उष्ट्याच्या मागे जात उभी. मराठवाड्यातल्या गावांत पाणवठे वेगळे होते हे मी वर्गात शिकवतो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं तेही शिकवतो. कुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं आणि कुणाच्या हातात तांब्या द्यायचा हे जिथे ठरलेलं होतं, तिथली आमची ही धार. शिक्षकांच्या खोलीत मी पेला ओठाला लावून प्यायला लागलो तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याच्या कपाळावर आठी उमटली. दुसऱ्या दिवसापासून मी माझी बाटली नेतो. त्यात माझी सोय आहेच, पण त्याचीही झाली, याचं मला अजून वाईट वाटतं.

माझा जन्म 1973 च्या पावसाळ्यातला. म्हणजे माय दुष्काळी कामावर खडी फोडत होती तेव्हा मी तिच्या पोटात होतो. मानवत म्हटलं की बाहेरच्यांना त्याच वर्षांतलं हत्याकांड आठवतं. गावातल्या म्हाताऱ्यांना त्याच्याबरोबर मिलो आठवते. मिलो म्हणजे रेशनवर आलेली अमेरिकेची लाल ज्वारी. पाऊस ओळीने हुकला होता आणि मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. तिथे सुकडी नावाचं कोरडं पौष्टिक खाणं मिळायचं. माय मिलोबद्दल कधी बोलत नव्हती. आहारतज्ज्ञ बाईंनी मला "लहानपणी घरात काय खायचे?" असं विचारलं, म्हणून मी तिला विचारलं, आणि ती एक दुपार बोलत राहिली. पिठाला चिकी नव्हती, भाकरी थापताना कडा फाटायच्या, गरम पाण्यात पीठ मळावं लागायचं. लोक म्हणायचे हे तिकडं जनावरांना घालतात. "आपुन खाल्लं," ती म्हणाली, "आन् तू निघालास पावणेदोन किलोचा."

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम मला याच दुपारच्या बोलण्यामुळे वाचावंसं वाटलं. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयांचा आणि बाळांचा मागोवा घेतला. ती बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण अंगातली चरबी त्यांनी राखून ठेवलेली. स्नायू कमी, चरबी तेवढीच. याज्ञिकांचा स्वतःचा एक फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरच्या शेजारी. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिनच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळी उपासमारीत आईच्या पोटात असलेल्या मुलांचंही पुढे असंच मोजमाप झालं, आणि गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांत लठ्ठ जास्त निघाले. माझं वजन दुष्काळाने वाढवलं असा दावा मी करत नाही. त्यात आडतीवरच्या मित्रांची भजी होती आणि खुर्चीवर काढलेली वर्षं होती. पण तोट्याची तयारी ठेवूनच जन्मलेल्या शरीराला एकदम भरलेलं ताट मिळालं, एवढं तर माझ्या पिढीच्या बाबतीत झालंच.

आणि ते ताट भरणारी माणसं खडीवर जाऊन आलेली होती. आमच्या पंगतीतला आग्रह मला तिथून समजतो. पाहुण्याने दोन वेळा नाही म्हणायचं आणि वाढणाऱ्याने तिसऱ्यांदा वाढायचं ही रीत दुष्काळाच्या आधीची आहेच, पण नंतर तिला एक धार आली. बुंदीची परात घेऊन फिरणारा वाढपी तुमच्या ताटावर हात धरू देत नाही. येसराच्या आमटीत भाकरी मोडून तिसरा वाडगा मागणाऱ्याचं कौतुक होतं. आजाऱ्याने कमी खावं याची आपल्याकडे तपशीलवार शास्त्रं आहेत, चरकापासून मायपर्यंत. धडधाकट माणसाने कमी खावं याला मात्र पंगतीत कुठे जागा नाही. उपास आहे म्हणा, सूट मिळते. पोट भरलं म्हणा, नाही मिळत. मी काही दिवस शस्त्रक्रिया समजावून सांगून पाहिली, जठराचं चित्र कागदावर काढूनसुद्धा. आता नुसतं "पथ्य आहे" म्हणतो. बुफे आला तेव्हा मी त्याला नावं ठेवली होती. हल्ली बुफे असेल त्याच लग्नाला आनंदाने जातो, कारण तिथे ताट माझ्या हातात असतं आणि दोन चमचे वरण घेऊन मी कोपऱ्यात वीस मिनिटं काढू शकतो. माझ्या वाट्याचं जेवण तेवढंच असतं, आणि घाईत केलेला तिसरा घास छातीत अडकतो.

पोळी अजून नीट उतरत नाही, तिचा आत गोळा होतो. ज्वारीची भाकरी आधी परत आली, दुधात भिजवलेली, मग वरणात. त्याच्याही आधी आल्या कण्या. ज्वारीच्या भरडीच्या, ताकात शिजवलेल्या, आणि प्रथिनं हवीत म्हणून बायकोने त्यात मूठभर मुगाची डाळ घातलेली. मायच्या मते ते गरिबाचं खाणं, पावण्यापुढे ठेवू नये. आहारतज्ज्ञ बाईंना मी त्याबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी कृती विचारून घेतली. पुढच्या तपासणीला गेलो तर त्यांच्या छापील तक्त्यात ओट्सच्या शेजारी पेनाने 'कण्या, ताकातल्या, मूग डाळ घालून' असं लिहिलेलं होतं. येसराबद्दलही मी विचारून पाहिलं होतं. त्यावर त्यांनी फुली मारली होती.