उलव्याची टेकडी आणि जुना नकाशा : टोपोशीट कशी वाचावी?

१/ उलव्याजवळ सुमारे ९० मीटर उंचीची एक टेकडी होती. नवी मुंबई विमानतळाच्या सपाटीकरणात ती कापली गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. भूमीवरून नाहीशी झालेली ही टेकडी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशावर, म्हणजेच टोपोशीटवर, आजही पाहता येते. तो नकाशा वाचायचा कसा?

२/ आरंभ क्रमांकापासून करावा. ४७ क्रमांकाचे पत्रक ४ अंश अक्षांश व ४ अंश रेखांश व्यापते. त्याचे १६ भाग म्हणजे ए ते पी, आणि प्रत्येक भागाचे पुन्हा १६ तुकडे. वाशीजवळून ७३ अंश पूर्व रेखांश जातो, तर बेलापूरच्या दक्षिणेस १९ अंश उत्तर अक्षांश. त्यामुळे बेलापूर ४७ ई/४ वर, तर उलवे आणि पनवेल ४७ एफ/१ वर सापडतात.

३/ मग प्रमाण. १:५०,००० म्हणजे नकाशावरील १ सेंटिमीटर हे जमिनीवरचे ५०० मीटर. तपकिरी समोच्च रेषा समान उंचीची ठिकाणे जोडतात. त्या दाटल्या की चढ तीव्र, विरळ झाल्या की सौम्य. दोन रेषांत २० मीटरचे अंतर धरले, तर उलव्याची टेकडी जेमतेम चार वलयांत सामावते.

४/ रंगांचीही भाषा असते. निळा पाण्याचा, हिरवा वनस्पतींचा, पिवळा लागवडीचा, लाल वस्तीचा व रस्त्यांचा. काळ्या रंगात नावे येतात.

५/ इतिहासाच्या अभ्यासकाने समासातील दोन साले कधीही विसरू नयेत : सर्वेक्षणाचे आणि मुद्रणाचे. नकाशा पहिल्या सालाची साक्ष देतो, दुसऱ्याची नव्हे. समास फाटला असेल तर आतील खुणा शोधाव्यात. जिल्ह्याचे नाव ‘कुलाबा’ असेल, तर नकाशा १९८१ च्या ‘रायगड’ नामांतरापूर्वीचा. ठाणे खाडीवर वाशीचा पूल नसेल, तर सर्वेक्षण १९७३ पूर्वीचे.

६/ खाडीकाठी दृष्टी अधिक सावध हवी. तेथे भरतीची रेषा, कांदळवन, मिठागर आणि बांध अगदी जवळजवळ येतात. बांधाची बारीक रेषा म्हणजे खारे पाणी अडवून भातशेती उभी करणाऱ्या शेतकऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रम.

७/ येथे एक रूढ समज ढासळतो. नवी मुंबई ओसाड जमिनीवर वसली, असे सहज म्हटले जाते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नियोजित शहराच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रात ९५ गावे होती. जुन्या पत्रकावरचे लाल ठिपके आणि पिवळे पट्टे ती वस्ती व शेती दाखवतात. याच भूमीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांचा बळी गेला.

८/ विमानतळासाठी दहा गावे हलवली गेली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर ही त्यांपैकी काही. उलवे नदीचा प्रवाहही वळवला गेला. आजच्या उपग्रहचित्राशेजारी जुने पत्रक ठेवले की टेकडी, नदी आणि गावे एकाच वेळी जागची हललेली दिसतात.

९/ तरीही नकाशा सर्व काही सांगत नाही. शेत कोणाचे, खाडीत जाळे टाकण्याचा मान कोणाचा, हे त्यावर नसते. त्यासाठी सातबारा, गावनकाशा आणि वृद्धांच्या आठवणी धुंडाळाव्या लागतात. टोपोशीट मात्र नेमके कोणत्या ठिकाणी जाऊन विचारायचे, ते दाखवते. आणि ते ठिकाण आता धावपट्टीखाली असेल, तर तेथून उठलेली माणसे कोठे गेली, हा इतिहासाचा पुढचा प्रश्न ठरतो.